टॅक्रोलिमसची पातळी खरी की भासमान? प्रत्यारोपणानंतरच्या रक्तचाचण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी कोल्हापूरहून आलेली चार पत्रे एकाच विषयाशी निगडित असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तातील काही प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पदार्थांना ओळखून धरणारी शरीरातील प्रथिने, चाचणीच्या रसायनांनाच चिकटतात, यंत्र निर्दोष चालत असूनही भलताच आकडा दाखवते, आणि त्या आकड्यावरून टॅक्रोलिमससारखे, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे औषध बदलले गेले तर अवयव धोक्यात येतो. असे प्रसंग विरळ असतात. पण ज्याच्या वाट्याला येतात त्याचे नुकसान भरून निघत नाही. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यात एका तरुणाला त्याच्या आईने दिलेले मूत्रपिंड पणाला लागले आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला आईने मूत्रपिंड दिले. शस्त्रक्रिया पुण्यात झाली, त्याला आता सव्वा वर्ष होईल. नियमित तपासण्या आम्ही कोल्हापुरातच करतो आणि रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरांना पाठवतो. टॅक्रोलिमसची पातळी इतके दिवस ६ ते ७ असायची. दोन महिन्यांपूर्वी ती अचानक २६.४ आली. डॉक्टरांनी डोस निम्मा केला, तर आठवड्याने २५.८ आली. मग तीन दिवस गोळी पूर्ण बंद ठेवायला सांगितली, तरी २४.९. भावाला हात थरथरणे, डोके दुखणे असा कोणताच त्रास नाही. तो रोज उद्यमनगरात कामावर जातो. मूत्रपिंडाचे काम बिघडले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन मात्र १.२ वरून १.६ झाले आहे. शेवटच्या दिवशी काढलेलेच रक्त आम्ही मुंबईच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले, तिथे २.१ आली. एकाच रक्ताचे दोन रिपोर्ट इतके वेगळे कसे? इथल्या लॅबची चूक झाली का? आम्ही कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अंक छापून येईपर्यंत थांबणे योग्य नसल्यामुळे आपल्याला आधीच स्वतंत्र पत्र पाठवले आहे, त्यातील तातडीचा भाग इतर वाचकांसाठी येथे देतो. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून त्याच दिवशी पुण्याच्या नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना) दाखवावेत आणि फोनवर बोलूनही सांगावे, कारण नुसता पाठवलेला फोटो दिवसभर कोणी उघडला नाही असे होऊ शकते. आपण दिलेल्या माहितीवरून २.१ हाच आकडा खरा असण्याची शक्यता फार मोठी आहे. तसे असेल तर आपल्या भावाच्या शरीरात औषध जास्त झालेले नसून जवळजवळ संपले आहे, आणि वाढलेले क्रिएटिनिन ही रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्याची, सुरुवात असू शकते. गोळी पुन्हा किती प्रमाणात सुरू करायची, बायोप्सी लागेल का, दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत का हे तपासायचे का, हे सर्व निर्णय त्या डॉक्टरांचे आहेत. आपण स्वतःहून जुना डोस सुरू करू नये.

मुंबईच्या आकड्याकडे माझा कल का आहे, तेही सांगतो. टॅक्रोलिमस घेणे थांबवल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण बहुतेक प्रौढांमध्ये साधारण अर्ध्या ते दीड दिवसात निम्मे होते. म्हणजे अगदी सावकाश निचरा होणाऱ्या माणसातही तीन दिवसांनंतर ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास यायला हवे होते. आपल्या भावाच्या बाबतीत ते डोस निम्मा केल्यावर हलले नाही आणि गोळी बंद केल्यावरही हलले नाही. शरीरात औषध येणे थांबले तरी आकडा जागचा ढळत नाही, तेव्हा यंत्र औषधाखेरीज दुसरे काहीतरी मोजत आहे, असा संशय घ्यायलाच हवा. शिवाय २६ इतकी पातळी खरोखरच दोन महिने राहिली असती तर हातांना कंप, डोकेदुखी, रक्तातील पोटॅशियम किंवा साखर वाढणे यांपैकी काहीतरी दिसण्याची शक्यता मोठी होती.

या गोंधळात क्रिएटिनिनची भूमिका मला सर्वांत घातक वाटते. टॅक्रोलिमस जास्त झाले तरी मूत्रपिंडाला इजा होऊन क्रिएटिनिन वाढते, आणि कमी पडून रिजेक्शन सुरू झाले तरी ते वाढते. त्यामुळे पातळी खोटी वाढलेली दिसत असताना क्रिएटिनिन चढू लागले की ‘औषधाचाच विषारी परिणाम होतो आहे’ असा समज पक्का होतो, डोस आणखी घटवला जातो, आणि त्या घटवण्यानेच क्रिएटिनिन पुन्हा चढते. आपल्या डॉक्टरांनी बेफिकिरीने निर्णय घेतला असे म्हणता येणार नाही; समोरचा रिपोर्ट खरा धरला तर त्यांनी केले ते योग्यच होते. रिपोर्टवर शंका घेण्याची वेळ मात्र पहिल्या डोसकपातीनंतरच आली होती.

आता हे घडते कसे, ते पाहू. टॅक्रोलिमस हे जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून १९८४ साली मिळालेले औषध आहे, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर रिजेक्शन टाळण्यासाठी आज प्रामुख्याने तेच दिले जाते. परिणामकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांतील अंतर फार थोडे असल्यामुळे त्याची रक्तातील पातळी सतत मोजावी लागते. पहिल्या काही महिन्यांत साधारण ८ ते १२ आणि पुढे ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असे लक्ष्य बरीच केंद्रे ठेवतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतके सूक्ष्म प्रमाण शोधण्यासाठी प्रयोगशाळा प्रतिपिंडांचाच वापर करतात, कारण ठरावीक रेणू ओळखून त्याला घट्ट धरणे हा प्रतिपिंडांचा गुणधर्म आहे. या मार्गाने मोजमाप करण्याची पद्धत विकसित केल्याबद्दल रोझालिन यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हव्या त्या एकाच रेणूला ओळखणारी प्रतिपिंडे उंदराच्या पेशींपासून अमर्याद तयार करण्याचे तंत्र कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मांडले, आणि त्यानंतर अशा चाचण्या जगभर पसरल्या.

टॅक्रोलिमस मोजण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी एकीत पुढील रचना असते. टॅक्रोलिमसला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला बीटा-गॅलॅक्टोसायडेज नावाचे एन्झाइम जोडून ते मिश्रण रुग्णाच्या रक्तात घालतात. रक्तात औषध असेल तितके प्रतिपिंड त्याला जाऊन बसते. मग टॅक्रोलिमससदृश रेणूचे आवरण दिलेले चुंबकीय कण त्यात सोडतात. ज्या प्रतिपिंडांना औषध मिळाले नाही ती या कणांना चिकटतात, आणि चुंबक लावून ती बाजूला ओढली जातात. मागे राहिलेल्या द्रवातील एन्झाइम रंग तयार करते. रंग जितका गडद तितके औषध जास्त, असा हिशेब यंत्र मांडते. आता रुग्णाच्या रक्तात या एन्झाइमविरुद्ध किंवा उंदराच्या प्रतिपिंडाविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे असतील, तर ती त्या जोडरेणूला लपेटतात आणि त्याला चुंबकीय कणांपर्यंत पोहोचूच देत नाहीत. तो द्रवात मागे राहतो, रंग गडद होतो, आणि रक्तात औषधाचा लवलेश नसला तरी यंत्र मोठा आकडा छापते. संधिवाताच्या काही रुग्णांमध्ये आढळणारा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरही असाच आड येऊ शकतो. ही प्रतिपिंडे कशामुळे तयार झाली हे पुष्कळदा सापडत नाही. ती पूर्वी नसताना नव्याने उद्भवू शकतात आणि काही महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकू शकतात. वर्षभर ६ ते ७ येणारी पातळी एकाएकी उसळली, यात म्हणूनच विसंगत काही नाही.

लॅबची चूक झाली का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते. यंत्राची रोजची गुणवत्ता-चाचणी बरोबर येते, शेजारच्या दहा रुग्णांचे रिपोर्ट बरोबर येतात, आणि आपल्या भावाचे रक्त त्याच यंत्रावर पुन्हा लावले तरी तोच आकडा येतो. दोष त्या एका नमुन्यात आणि त्या एका पद्धतीच्या गाठीत असतो. ‘आम्ही पुन्हा तपासले, तितकेच आले’ हे उत्तर प्रामाणिक असते, परंतु शंका फेडण्यास ते पुरेसे नाही. नमुना वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या पद्धतीने तपासला तरच काही कळते.

त्यातील सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री. तिच्यात रक्तातील प्रथिने आधीच साक्यासारखी खाली बसवून काढून टाकतात, त्यामुळे आड येणारी प्रतिपिंडेही निघून जातात, आणि उरलेल्या द्रवात टॅक्रोलिमसचा रेणू त्याच्या वस्तुमानावरून ओळखला जातो. टॅक्रोलिमसचा रेणूभार सुमारे ८०४ आहे आणि प्रतिपिंडाचा सुमारे दीड लाख. तेथे गल्लत होण्यास वाव राहत नाही. प्रतिपिंडांवर आधारलेल्या काही अन्य चाचण्यांतही प्रथिने आधी काढून टाकण्याची पायरी असते, त्यामुळे त्यांतही हा अडथळा बहुधा टळतो. मुंबईच्या रिपोर्टवर पद्धतीचे नाव छापलेले असेल, ते डॉक्टरांना जरूर दाखवावे. याखेरीज एक साधा तपास कोल्हापुरातही होऊ शकतो. रक्तातील बहुतांश टॅक्रोलिमस तांबड्या पेशींमध्ये असते, प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, त्याचा अंश फारच थोडा असतो. प्रतिपिंडे मात्र प्लाझ्मात असतात. म्हणून रक्त फिरवून नुसता प्लाझ्मा त्याच यंत्रावर लावला आणि तरीही वीस-पंचवीसचा आकडा आला, तर तो औषधाचा नाही हे जवळपास सिद्ध होते. आपल्या लॅबमधील पॅथॉलॉजिस्टना ही विनंती अवश्य करावी.

हे वाचून प्रत्येक वाढलेल्या रिपोर्टला खोटे ठरवण्याची घाई मात्र कोणी करू नये. पातळी खरोखर वाढण्याची कारणे कितीतरी अधिक वेळा आढळतात. सकाळची गोळी घेऊन मग रक्त देणे हे त्यांतील सर्वांत साधे कारण. दिवसातून दोनदा गोळी घेणाऱ्याचे रक्त आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वी काढायला हवे. फ्लुकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधे, क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबासाठीचे डिल्टियाझेम यांच्यामुळे पातळी खरीच चढते. जुलाब झाल्यावर ती वाढते. ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडचे पपनस टाळायला सांगतात तेही याच कारणाने. दोन पद्धतींमध्ये एखाद्या अंकाचा फरकही नेहमीचाच आहे, कारण प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचण्या औषधाचे शरीरात झालेले तुकडेही थोडेफार मोजतात. ७ आणि ६ मधील अंतराला घाबरण्याचे कारण नाही. २४.९ आणि २.१ यांतील अंतर निराळ्या जातीचे आहे.

निदान पक्के झाले की भावाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळकपणे लिहून ठेवावे की अमुक पद्धतीने टॅक्रोलिमस मोजल्यास खोटी वाढ दिसते. पुढील प्रत्येक तपासणी दुसऱ्या, आणि नेहमी एकाच, पद्धतीने करावी. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतील रक्त थंड ठेवून पाठवले तर या चाचणीसाठी ते काही दिवस टिकते, त्यामुळे नमुना पुण्या-मुंबईला पाठवण्यात अडचण नाही. रिपोर्ट मिळायला दोन दिवस अधिक लागतील एवढेच. उद्या औषध बदलून सायक्लोस्पोरिन देण्याचा विचार झाला, तर त्याचीही चाचणी याच रचनेवर उपलब्ध आहे आणि तिच्यातही तीच फसवणूक होऊ शकते, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : माझ्या पत्नीला मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या वेळी सशापासून बनवलेले अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन दिले होते. त्याआधी लग्नापूर्वी पन्हाळा तालुक्यातील माहेरी शेतात साप चावल्यामुळे तिला प्रतिविषाची इंजेक्शनेही दिली होती. अशा प्राण्यांच्या औषधांमुळे रक्ताचे रिपोर्ट चुकतात असे ऐकले. तिचे सगळेच रिपोर्ट संशयास्पद मानायचे का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : सगळेच मुळीच नाहीत, आणि या काळजीने आपली झोप उडू नये. तरीही आपण ऐकले त्यात तथ्य आहे. सशापासून मिळवलेले ग्लोब्युलिन हे सशाची प्रतिपिंडे असतात, आणि भारतातील सर्पविषावरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. आपले शरीर या परक्या प्रथिनांविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवू शकते. दुसरीकडे प्रयोगशाळेतील कित्येक चाचण्यांत उंदीर, ससा, शेळी यांची प्रतिपिंडे वापरलेली असतात. हृदयविकारातील ट्रोपोनिन किंवा थायरॉइडचे टीएसएच मोजणाऱ्या चाचणीत अशी दोन प्रतिपिंडे मोजायच्या पदार्थाला दोन बाजूंनी धरतात. रुग्णाच्या प्रतिपिंडाने मध्ये पूल बांधून त्या दोघांना परस्पर जोडले, तर पदार्थ नसतानाही तो सापडल्याची खूण उमटते. या पुलाने केवढा अनर्थ होऊ शकतो हे प्रत्यारोपणाबाहेरच्या एका उदाहरणातून दिसले. गर्भधारणेशी संबंधित एचसीजी या संप्रेरकाची चाचणी खोटी पॉझिटिव्ह आल्यामुळे कर्करोगाचे चुकीचे निदान झालेल्या १२ स्त्रियांची हकीकत २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुतेकींना नको असलेले उपचार सोसावे लागले होते.

हे लक्षात आल्यापासून चाचणी बनवणाऱ्या कंपन्या रसायनांमध्ये प्राण्यांची प्रथिने मुद्दाम मिसळतात, म्हणजे रुग्णाची अशी प्रतिपिंडे त्यांनाच धरून बसतात. त्यामुळे बहुसंख्य रुग्णांना कधीही अडचण येत नाही. आपण करायचे ते इतकेच की, पत्नीच्या कागदपत्रांत या दोन्ही औषधांची नोंद ठेवावी, आणि एखादा रिपोर्ट तिच्या प्रकृतीशी अजिबात जुळत नसेल तेव्हा ती नोंद डॉक्टरांच्या नजरेस आणावी. प्रत्यारोपणानंतर काही आठवड्यांत दात्याशी क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का हे पाहणारी चाचणी, पुन्हा करायची वेळ आली तर ही नोंद विशेष मोलाची ठरते, कारण अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन लिम्फोसाइट पेशींनाच चिकटते आणि क्रॉसमॅच खोटी पॉझिटिव्ह दिसू शकते. बी-पेशी या लिम्फोसाइटच्या एका प्रकाराला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे औषध दिलेल्या रुग्णात त्या पेशींच्या क्रॉसमॅचचे असेच होते.

आपल्या पत्रातून इतर कोणी भलता अर्थ काढू नये म्हणून निक्षून लिहितो. साप चावल्यावर प्रतिविष घेण्यास क्षणाचाही विलंब करू नये. करवीर, पन्हाळा, शाहूवाडीच्या शिवारात राबणाऱ्या माणसांचे प्राण त्याने वाचतात. पुढे कधीतरी रिपोर्टमध्ये येऊ शकणारी अडचण त्यापुढे नगण्य आहे.

प्रश्न : वडिलांना प्रत्यारोपणानंतर रिजेक्शनसाठी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले. तीन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत हिपॅटायटिस बीच्या कोअर प्रतिपिंडाची चाचणी पॉझिटिव्ह आली. पूर्वी ती निगेटिव्ह होती. घरात सगळे हादरले आहेत.
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचे मिश्रण, हे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनते, आणि त्या दात्यांपैकी कित्येकांना पूर्वी हिपॅटायटिस बी होऊन गेलेला असतो. त्यांची प्रतिपिंडे औषधाबरोबर आपल्या वडिलांच्या रक्तात आली असावीत. चाचणीने येथे खरेच प्रतिपिंड पाहिले आहे, फक्त ते वडिलांचे स्वतःचे नाही. अशी उसनी प्रतिपिंडे साधारण तीन आठवड्यांत निम्मी होत जातात आणि काही महिन्यांत नाहीशी होतात. तोवर खात्रीसाठी विषाणूचा पृष्ठभाग-प्रतिजन, म्हणजे एचबीएसएजी, आणि विषाणूचा डीएनए या दोन चाचण्या कराव्यात, कारण प्रतिपिंडे उसनी असली तर त्या दोन्ही निगेटिव्ह येतात. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात हा प्रश्न नुसत्या तर्कावर सोडून चालत नाही, म्हणून त्या टाळू नयेत. इम्युनोग्लोब्युलिन देण्यापूर्वीचा रक्तनमुना प्रयोगशाळेने जपून ठेवला असेल तर त्यावर तीच चाचणी करून घेणे उत्तम.

प्रश्न : आईचे यकृत प्रत्यारोपण झाले आहे. तिचे केस फार गळतात म्हणून शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या बायोटिनच्या गोळ्या ती घेते. जीवनसत्त्वच आहे, तर चालेल ना?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ज्या डॉक्टरांकडे आईची टॅक्रोलिमसची तपासणी होते त्यांना विचारल्याशिवाय चालणार नाही. प्रौढाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. केसांसाठीच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या कित्येक पट असते. प्रतिपिंडांवर आधारलेल्या बऱ्याच चाचण्यांत बायोटिनचाच सांधा वापरलेला असतो, आणि रक्तातील जादा बायोटिन त्या सांध्यात शिरून मोजणी बिघडवते. चाचणीच्या रचनेनुसार आकडा खोटा वाढतो किंवा खोटा घटतो. टॅक्रोलिमसच्या काही चाचण्यांत तो वाढलेला दिसू शकतो. ट्रोपोनिनच्या काही चाचण्यांत घटलेला दिसून हृदयविकाराचा झटका नजरेतून सुटू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला, त्यात अशा प्रकारे ट्रोपोनिन खोटे कमी दिसलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूचा उल्लेख होता.

केस गळण्याचे एक कारण टॅक्रोलिमस स्वतःही असू शकते, हे आईच्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे; थायरॉइड आणि लोहाची तपासणीही करता येईल, मात्र टीएसएचच्या चाचणीतही बायोटिन आड येऊ शकते. म्हणून रक्त देण्यापूर्वी गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या हे आधी ठरवून घ्यावे, आणि जाताना गोळ्यांचे पाकीटच सोबत न्यावे, कारण केस व नखांसाठीच्या मिश्र गोळ्यांत बायोटिन किती आहे ते बहुधा त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले असते.